128 बाइटचा पेला

मेळाव्यासाठी बॅचची यादी पाठवली तेव्हा अनेकांनी विचारलं, "नाव-गावासकट एवढी जुनी यादी मिळाली कुठून?" त्याचं उत्तर पास्कल या संगणकीय भाषेत आहे.

स्वित्झर्लंडच्या निकलाउस विर्थ यांनी 1970 मध्ये पास्कल जगापुढे मांडली, ती मुख्यतः विद्यार्थ्यांना नीटनेटकं प्रोग्रामिंग शिकवता यावं म्हणून. 1983 मध्ये बोरलँड कंपनीचं टर्बो पास्कल आलं. ते स्वस्त होतं आणि छोट्या संगणकांवर चालायचं. माझीही पास्कलशी ओळख इंजिनिअरिंगला झाली ती त्यातूनच.

1997 च्या मे महिन्यात, पहिलं वर्ष संपवून शाळेत भेटायला गेले, तर मुख्याध्यापिका बाईंनी जनरल रजिस्टरच हातात ठेवलं. "हे संगणकावर घाल." सुमारे दोन हजार नावं मी रोमन लिपीत टाइप केली आणि टेक्स्ट फाइल बनवली. एक नाव शोधायचं तरी फ्लॉपी इतका वेळ खरखरायची, की ऑफिसातले काका म्हणाले, "पोरी, तोवर मी रजिस्टरातनं काढून दिलं असतं." मी संगणकाला दोष दिला.

दोष माझा होता. वेगळं सांगितलं नाही, तर टर्बो पास्कल टेक्स्ट फाइलला फक्त 128 बाइटचा बफर देतं. टाकीतलं पाणी पेल्यापेल्यानं आणावं, तसं. माझ्या 160 किलोबाइटच्या फाइलसाठी डॉसकडे 1280 फेऱ्या! त्यात फ्लॉपी मिनिटाला 300 वेळा फिरते. हवा तो भाग निसटला की पुन्हा समोर येईपर्यंत सेकंदाचा पाचवा हिस्सा वाया. 'सेटटेक्स्टबफ' वापरून बफर 4096 बाइटचा केला आणि फेऱ्या 40 वर आल्या.

मग हाव सुटली. टेक्स्टमध्ये आकडे अक्षरांसारखे लिहिलेले असतात. वाचताना त्यांच्या संख्या कराव्या लागतात. रेकॉर्डच्या फाइलमध्ये मात्र मेमरीत असतं तसंच डिस्कवर उतरतं. तीही एकेक रेकॉर्ड करून वाचली तर प्रत्येकासाठी वेगळी फेरी पडते. 'ब्लॉकरीड'नं शंभर रेकॉर्डं एकदम उचलली, तेव्हा काका गप्प झाले.

जुनी फाइल पुसायला निघाले, तर बाई म्हणाल्या, "राहू दे. ती मला उघडून वाचता येते."

दोन्ही फायली फ्लॉपीवरून सीडीवर, तिथून पेनड्राइव्हवर आल्या. यंदा उघडून पाहिल्या. वेगवान फाइलमध्ये नावांच्या मध्ये नुसता कचरा दिसतो. कुठला बाइट कशाचा, हे सांगणारा माझा प्रोग्राम केव्हाच हरवला. हळू फाइल मात्र साध्या नोटपॅडमध्ये ओळीनं उघडली.

बाई आता नाहीत. त्यांना हे सांगायचं राहून गेलं.

यादीत काही चुकलं असेल तर कळवा. दुरुस्ती त्याच टेक्स्ट फाइलमध्ये करीन.