तुआसचा स्फोट आणि कुकरची शिट्टी

सिंगापूर म्हटलं की शिस्त आणि सुरक्षितता डोळ्यांसमोर येते. पण इथल्या कारखानदारीच्या इतिहासात काही काळे दिवसही आहेत. त्यातलाच एक म्हणजे २४ फेब्रुवारी २०२१.

त्या दिवशी सकाळी साडेअकराच्या सुमारास तुआस ॲव्हेन्यू ११ वरच्या ‘स्टार्स इंजिनिअरिंग’च्या कारखान्यात स्फोट झाला. तिघे कामगार दगावले. एक भारतीय, दोघे बांगलादेशी. आणखी सातजण जखमी झाले. दैवदुर्विलास असा, की तिथे आगीपासून बचावासाठी लागणारी ‘फायर क्ले’ बनत असे!

सरकारने चौकशी समिती नेमली. ज्येष्ठ जिल्हा न्यायाधीश ओंग हियान सुन अध्यक्ष होते. सप्टेंबर २०२१ पासून जाहीर सुनावणी झाली आणि २०२२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

काय आढळलं? फायर क्लेचं मिश्रण ढवळणाऱ्या यंत्राभोवती तेलाचं आवरण होतं. आतल्या हीटरनी ते तेल तापायचं, पण तयार होणाऱ्या वाफेला बाहेर पडायला वाटच नव्हती. आपल्या घरचं उदाहरण घ्या. कुकरची शिट्टी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह दोन्ही बंद करून खाली गॅस चालू ठेवला तर? इथे तेच झालं. दाब वाढत गेला, आवरण फाटलं आणि तापलेल्या तेलाची वाफ बाहेर येऊन पेटली. फायर क्लेमध्ये बटाट्याचं स्टार्च वापरत. आसपास साचलेली त्याची पूड हवेत उडाली आणि तिनेही पेट घेतला. स्वयंपाकघरातली साधी पिठी हवेत पसरली की किती भयंकर पेटते, हे आपल्या लक्षातही येत नाही.

सर्वांत चटका लावणारी गोष्ट म्हणजे यंत्राने आधीच इशारे दिले होते. हीटर बिघडत होते, तेल गळत होतं, त्याच महिन्यात छोटी आगही लागली होती. तरी डागडुजी करून काम चालूच राहिलं. हा अपघात टाळता आला असता, असंच समितीने म्हटलं.

याआधीही असं घडलं होतं. १२ ऑक्टोबर १९७८ रोजी जुरोंग शिपयार्डमध्ये दुरुस्तीला आलेल्या ‘स्पायरॉस’ या ग्रीक टँकरवर स्फोट होऊन ७६ जण गेले. जहाजाच्या इंधनात कच्चं तेल मिसळलं होतं. त्याची वाफ टाकीत साठली आणि कटिंग टॉर्चमुळे पेटली, असं चौकशीत निघालं. दोन्हीकडे घात केला तो तेलाच्या वाफेने, आणि तिच्याकडे वेळीच कोणी पाहिलं नाही.

आपल्यापैकी कितीतरीजण इथे इंजिनिअर आहेत, मॅनेजर आहेत. “आज चालवून घेऊ, उद्या बघू” हे वाक्य आपल्याही टेबलावर येतं. यंत्राजवळ उभा असतो तो कामगार, पण ते थांबवायची सही बहुतेक वेळा आपली असते. तेव्हा पुढच्या वेळी कोणी गळतीची तक्रार घेऊन आलं, तर आधी यंत्र बंद करायला सांगा आणि मग कारण शोधा.