चार पिढ्यांचा रंगधर्म : नटवर्य विक्रम गोखले

नाटक हे महाराष्ट्राचे जुने वेड होय. परंतु नाटकास गर्दी करावयाची आणि नटाच्या घरी सोयरीक जुळवावयाची वेळ आली म्हणजे पाऊल मागे घ्यावयाचे, अशी आपल्या समाजाची रीत दीर्घकाळ होती. स्त्रीने तोंडास रंग लावला, तर मग बोलावयासच नको! दि. २६ नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्यास दिवंगत झालेले नटवर्य विक्रम गोखले यांचे चरित्र ज्ञातिबंधुभगिनींनी या दृष्टीने अवश्य अवलोकावे. त्याचा आरंभ त्यांच्या पणजीपासून होतो.

सन १९१३ मध्ये दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, तेव्हा तारामतीच्या भूमिकेस स्त्री मिळेना. अण्णा साळुंके या पुरुषाने ती केली. पुढे ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या व त्यांची कन्या कमला मोहिनी झाली. पतीपासून विभक्त होऊन कन्येचा एकट्याने सांभाळ करणाऱ्या त्या मातेच्या वाट्यास लोकनिंदा आली. आपले करवीरही त्यास अपवाद नव्हते. बाबूराव पेंटर यांच्या १९२० च्या ‘सैरंध्री’त काम करणाऱ्या गुलाबबाई व अनसूयाबाई यांनाही हाच अनुभव आला.

कमलाबाईंचा विवाह रघुनाथराव गोखले यांच्याशी झाला. परंतु त्यांना अकाली वैधव्य आले. त्यांनी रंगभूमीवर कष्ट करून तीन पुत्र वाढविले. लालजी व सूर्यकांत तबलावादक झाले आणि १९२१ मध्ये मिरजेस जन्मलेले चंद्रकांत नट झाले. विक्रम हे चंद्रकांतांचे पुत्र होत.

घराण्याचे नाव रंगमंचाचे दार उघडून देईल. संवाद पाठ करून देणार नाही. विक्रमरावांनी आपले स्थान परिश्रमाने मिळविले. जयवंत दळवी यांच्या व विजया मेहता यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘बॅरिस्टर’ नाटकाने त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. जुन्या वाड्यातील विधवांचे दुःख आणि पिढीजात वेडाचे भय यांत सापडलेला तो सुशिक्षित पुरुष उभा करताना त्यांनी आक्रस्ताळेपणास थारा दिला नाही. वाक्यामध्ये घेतलेला विराम हे त्यांचे मोठे सामर्थ्य होते.

रंगभूमीवर नटाचा शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचावा लागतो. दूरदर्शनचा कॅमेरा मात्र चेहऱ्याजवळ येतो आणि तेथे पापणीची हालचालही पुरते. हा भेद त्यांनी उत्तम जाणला होता. ‘उडान’ ही हिंदी मालिका, तसेच ‘या सुखांनो या’ व ‘अग्निहोत्र’ या मराठी मालिका यांतून ते घरोघरी पोहोचले. सन २०११ चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला. गजेंद्र अहिरे यांच्या ‘अनुमती’ चित्रपटासाठी २०१३ मध्ये त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला. त्यात इरफान खान हेही सहविजेते होते.

सन २०१६ मध्ये घशाच्या विकारामुळे त्यांनी रंगभूमीचा निरोप घेतला. ज्याचे हत्यारच आवाज, त्याने आवाज थकताच बाजूस व्हावे, हाही कलेविषयीचा आदरच होय. चित्रपटातील काम मात्र थांबले नाही. त्यांच्या निधनाच्या केवळ १५ दिवस आधी, ११ नोव्हेंबर २०२२ रोजी, ‘गोदावरी’ प्रदर्शित झाला.

या घराण्याने रंगभूमीवर मिळविलेले धन अपंग सैनिकांच्या साहाय्यार्थही दिले. ज्या समाजाने पणजीस नाके मुरडली, त्याच समाजाचे ऋण पुढील पिढ्यांनी फेडले, हे विसरता कामा नये.

यशस्वी कलावंताचे छायाचित्र स्मरणिकेत छापणे सोपे आहे. तोच कलावंत उमेदवारी करीत असता त्यास आधार देणे कठीण. आपल्या घरातील एखादा मुलगा, विशेषतः एखादी मुलगी, नाटकात जाण्याची इच्छा व्यक्त करील, तेव्हा ‘लोक काय म्हणतील?’ हा प्रश्न वडीलधाऱ्यांनी बाजूस ठेवावा. ‘कष्टांची तयारी आहे ना?’ एवढेच विचारावे. दुर्गाबाईंना हा प्रश्न कोणी विचारला असता, तर त्यांचे उत्तर ठाम होकाराचेच असते.