असरोल ते एमडी : सेरोटोनिनची हकिकत

पाबळ म्हटले की बाहेरच्या लोकांना मस्तानीची कबर आठवते. आपल्या शिरूरला लागून असलेल्या दौंड तालुक्याचे नाव मात्र फेब्रुवारी २०२४ मध्ये वेगळ्याच कारणाने देशभर गाजले. पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत छापा घातला आणि मेफेड्रोनचा, म्हणजे पोरांच्या भाषेतल्या 'एमडी'चा, शेकडो किलो साठा पकडला. बातम्यांत कोटींचे आकडे झळकले. ही पावडर डोक्यात जाऊन काय करते, यावर मात्र फारसे कुणी बोलले नाही. ते समजायचे तर एका जडीबुटीपासून सुरुवात करावी लागेल.

मराठीत सर्पगंधा, युनानी हकिमांच्या भाषेत असरोल. झोप उडालेल्या, बेभान झालेल्या माणसाला या झाडाची मुळी द्यायची, हे आपल्याकडे फार जुने ज्ञान. दिल्लीचे हकीम अजमल खान (१८६८–१९२७) यांचा आग्रह होता की युनानी औषधे प्रयोगशाळेत तपासली जावीत. त्यासाठी त्यांनी जर्मनीत शिकून आलेल्या सलीमुज्जमान सिद्दीकी या तरुण रसायनशास्त्रज्ञाला दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात बोलावले. सिद्दीकींनी १९३१ मध्ये असरोलच्या मुळीतून काही द्रव्ये वेगळी काढली. त्यांपैकी एकाला त्यांनी 'अजमलीन' नाव दिले. हकीमसाहेब तोवर अल्लाला प्यारे झाले होते.

पुढचा टप्पा मुंबईत घडला. केईएम रुग्णालयाचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांना हीच मुळी देऊन पाहिली आणि १९४९ मध्ये ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात निष्कर्ष छापले. जगाचे लक्ष या झाडाकडे वळले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतील संशोधकांनी त्यातून 'रेसर्पिन' वेगळे केले.

त्याच काळात अमेरिकेत दुसरा शोध लागला होता. १९४८ मध्ये क्लीव्हलंडला रॅपोर्ट, ग्रीन आणि पेज यांनी रक्तात एक रसायन ओळखले. त्याचे नाव सेरोटोनिन. १९५३ मध्ये बेटी ट्वारॉग यांनी ते मेंदूतही असल्याचे दाखवले. मग १९५५ मध्ये बेथेस्डा येथील ब्रोडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले की प्राण्यांना रेसर्पिन दिले की मेंदूतील सेरोटोनिनचा साठा रिता होतो. प्राणी सुस्त पडतात. हे औषध घेणारी काही माणसेही खोल उदासीत गेल्याच्या नोंदी डॉक्टरांनी केल्या. माणसाचे मन आणि एक रसायन यांचा संबंध असा आपल्या असरोलमुळे उजेडात आला. पुढे कळले की डोपामाइन, नॉरॲड्रेनालिन यांचे साठेही रेसर्पिनने रिते होतात. म्हणजे दोष एकट्या सेरोटोनिनवर टाकता येत नाही.

आता एमडीकडे वळू. मेफेड्रोन पहिल्यांदा १९२९ मध्ये पॅरिसमध्ये बनले आणि विसरले गेले. २००३ नंतर ते इंटरनेटवरून पसरले. ब्रिटनने एप्रिल २०१० मध्ये त्यावर बंदी घातली, भारताने २०१५ मध्ये ते अमली पदार्थांच्या यादीत टाकले. रेसर्पिन साठा हळूहळू रिता करते, एमडी तो एका झटक्यात बाहेर ओतायला लावते. डोपामाइन आणि सेरोटोनिन दोन्ही एकदम उसळतात. 'पुन्हा हवे' ही ओढ मुख्यतः डोपामाइनची. सेरोटोनिन त्या ओढीला थोडा लगाम घालते.

हा लगाम कल्पनेतला नाही. जिनिव्हा विद्यापीठात ख्रिश्चन ल्युशर यांच्या गटाने २०२१ मध्ये कोकेनवर केलेले काम प्रसिद्ध केले. कोकेन सेरोटोनिनही वाढवते. तो परिणाम बंद केला, तेव्हा शिक्षा मिळत असूनही नशा न सोडणाऱ्या उंदरांचे प्रमाण वाढले. म्हणूनच निव्वळ डोपामाइनवर जोर देणारी नशा जास्त घट्ट पकडते, असे संशोधक मानतात. पण एमडीमध्ये सेरोटोनिन आहे म्हणून ते सौम्य, असे कुणी समजू नये. ओढ तिथेही जबर आहे. नशा उतरल्यावर येते ती पडझड : झोप लागत नाही, चिडचिड, काळवंडलेले मन, कधी जीव द्यायचा विचार. घरच्यांना वाटते पोरगा उद्धट झाला. त्याच्या मेंदूचा हिशेब तेव्हा तोट्यात असतो.

ही पोकळी भरायला सेरोटोनिन वाढवणारी गोळी दिली की झाले, इतके हे सोपे असते तर बरे झाले असते. उदासीवरच्या अशा गोळ्या कोकेनच्या व्यसनावर देऊन पाहिल्या, खात्रीचा गुण आला नाही. मेडिकलमधून परस्पर गोळी आणून देणे तर धोक्याचे, कारण एमडीसोबत ती घेतली तर सेरोटोनिन घातक पातळीला जाऊ शकते. उपयोग होतो तो समुपदेशनाचा, नियमित देखरेखीचा आणि वेळेचा.

नशा हराम आहे, यात आपल्यात दुमत नाही. ते जुम्याच्या बयानात सांगितले जाते आणि सांगितलेच पाहिजे. पण जो आधीच अडकला आहे, त्याच्यासाठी आपल्याजवळ काय आहे? बहुतेकदा शिव्या, खोलीला कुलूप, नाहीतर लग्न लावून टाकण्याचा तोडगा. यात त्या येणाऱ्या मुलीचे काय होते, ते मोहल्ल्यातल्या सगळ्या बायांना माहीत असते. आपले हकीम बेभान माणसाची नाडी बघत, त्याला दवा देत. त्यांच्या लेखी तो मरीज होता. अजमल खानांचा वारसा सांगायचा तर एवढे तरी जपले पाहिजे.

पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. सरकारची १४४४६ ही मोफत हेल्पलाइन आहे, मन खचले असेल तर टेलिमानसचा १४४१६. बदनामीची, पोलिसांची भीती अनेकांना अडवते. अमली पदार्थविरोधी कायद्याचे कलम ६४-अ अशांसाठीच आहे : अल्प प्रमाणाच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यात अडकलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचाराला गेली आणि ते पूर्ण केले, तर तिला खटल्यातून संरक्षण मिळते. ही माहिती ज्या घराला हवी आहे, ते घर कदाचित आपल्याच गल्लीत असेल. त्या घरी जाऊन सांगा, आवाज खाली ठेवून.