परिपीडन परिवर्तक, मोटारगाडीतील

परिपीडन परिवर्तक : एंजिनाची शक्ती द्रवाच्या प्रवाहामार्फत चाकांकडे जाणाऱ्या दंडाला देणारे आणि तसे करताना परिपीडन (दंडाला फिरविणारे परिबल) वाढविणारे साधन. व्यवहारात ते टॉर्क कन्व्हर्टर या नावाने ओळखले जाते. स्वयंचलित प्रेषण असलेल्या मोटारगाडीत ते क्लचच्या जागी, एंजिन व दंतचक्र पेटी यांच्या दरम्यान बसविलेले असते. त्याची आत येणारी व बाहेर जाणारी बाजू एकाच वेगाने फिरत नाही. मागील बाजू नेहमी थोडी मागे पडते. या वेगतुटीला घसरण म्हणतात. घसरणीमुळे गाडी धक्का न बसता सुटते व सुटताना तिला जादा ओढ मिळते. घसरणीमुळेच इंधन वाया जाते व तेल तापते. घसरण केव्हा राखावी व केव्हा टाळावी, या एका प्रश्नाभोवती या साधनाचा विकास झालेला आहे. रोजच्या वापरातील गाडीचा मूळ परिवर्तक बदलू पाहणाऱ्या मालकापुढेही हाच प्रश्न येतो.

तत्त्व व रचना : परिवर्तकाचे कवच पोकळ कड्याच्या आकाराचे व तेलाने भरलेले असते. त्यात पात्यांची तीन चक्रे असतात. पंप एंजिनाबरोबर फिरतो व केंद्रोत्सारी प्रेरणेने तेल बाहेरच्या कडेकडे फेकतो. हे तेल समोरच्या टरबाइनाच्या पात्यांवर आदळून ते फिरवते. टरबाइन दंतचक्र पेटीच्या दंडाला जोडलेले असते. टरबाइनातून परतणाऱ्या तेलाची दिशा पंपाच्या फिरण्याच्या विरुद्ध असते. दोहोंमध्ये असलेला स्थाणुक हे तेल वळवून पंपाला अनुकूल अशा दिशेने देतो आणि ही दिशा बदलताना मिळणाऱ्या प्रतिक्रियेमुळे परिपीडन वाढते. गाडी उभी असताना ही वाढ सर्वाधिक, मोटारगाड्यांत सामान्यतः दोन ते अडीच पट असते. टरबाइनाचा वेग वाढत जाऊन पंपाच्या सु. नऊ-दशांश झाला की वाढ संपते. यानंतर स्थाणुक एकदिश क्लचवर मोकळा फिरू लागतो व परिवर्तक केवळ द्रवीय युग्मक (परिपीडन न वाढविता शक्ती पोहोचविणारा जोड) म्हणून काम करतो.

टरबाइन अडवून धरून एंजिनाला पूर्ण इंधन दिले असता एंजिन ज्या वेगापर्यंत चढून थांबते त्याला रोध वेग किंवा स्टॉल स्पीड म्हणतात. परिवर्तकाची निवड करताना हा अंक सर्वाधिक महत्त्वाचा असतो.

जहाजातील उगम : परिवर्तकाचा जन्म मोटारगाडीसाठी झालेला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी जहाजांत वाफेची टरबाइने येऊ लागली. टरबाइन जलद फिरताना कार्यक्षम असते, तर जहाजाचा मळसूत्री पंखा सावकाश फिरताना. या दोहोंचा मेळ घालू शकतील अशी मोठ्या शक्तीची दंतचक्रे त्या काळी भरवशाची नव्हती. श्टेटीन येथील व्हल्कन जहाज कारखान्यातील जर्मन अभियंते हेर्मान फ्यॉटिंगर (१८७७–१९४५) यांनी पंप व टरबाइन एकाच कवचात समोरासमोर आणून ही अडचण सोडविली. याचे एकस्व (पेटंट) त्यांनी १९०५ मध्ये मिळविले. पुढे अचूक कापलेली दंतचक्रे उपलब्ध झाल्यावर जहाजांत त्यांनीच बाजी मारली, कारण दंतचक्रांत घसरण नसते. परिवर्तकाच्या इतिहासात हा प्रसंग पुढेही निरनिराळ्या रूपांत पुन्हा येतो : केवळ वेग बदलण्यासाठी दंतचक्रे सरस ठरतात, तर मऊपणे सुटण्यासाठी द्रव सरस ठरतो.

रस्त्यावर आगमन : फ्यॉटिंगर यांच्या रचनेतून स्थाणुक वगळला की द्रवीय युग्मक उरते. ब्रिटिश अभियंते हॅरॉल्ड सिंक्लेअर यांनी ते रस्त्यावरील वाहनांसाठी पुढे आणले आणि डेमलर कंपनीने १९३० पासून आपल्या गाड्यांत ते वापरले. स्वीडनमधील आल्फ ल्यूशोल्म यांच्या परिवर्तकाचा उपयोग १९३०–४० या दशकात ब्रिटनमधील लेलँड बसगाड्यांत झाला. दरम्यान जर्मनीत, १९२८ च्या सुमारास, स्थाणुकाला एकदिश क्लच जोडून परिवर्तक व युग्मक ही दोन्ही कामे एकाच साधनाकडून करून घेण्याची ट्रायलॉक रचना पुढे आली. आजच्या मोटारगाड्यांतील परिवर्तक याच रचनेचे वंशज होत.

अमेरिकेत जनरल मोटर्सने १९४० सालच्या ओल्डस्मोबिल गाड्यांत हायड्रामॅटिक हे प्रेषण दिले. त्यात परिवर्तक नव्हता; द्रवीय युग्मक व चार गतींची ग्रहमाला दंतचक्रे होती. वरच्या गतींत परिपीडनाचा काही भाग युग्मक टाळून यांत्रिक मार्गाने नेला जाई, म्हणजे घसरण कमी करण्याचा विचार तेव्हाही झालेला होता. दुसऱ्या महायुद्धात चिलखती वाहनांत परिवर्तकाचा अनुभव मिळाला आणि १९४८ सालच्या ब्यूइक रोडमास्टरमध्ये डायनाफ्लो हे परिवर्तकयुक्त प्रेषण आले. त्यात सामान्य वापरात गती बदलावीच लागत नसे. परिपीडन वाढविण्याचे सर्व काम परिवर्तकच करी. चाल अतिशय मऊ होती, परंतु वेग पकडणे संथ व इंधनाचा खप जास्त होता. याच्या उलट, पॅकार्डच्या अल्ट्रामॅटिक (१९४९) या प्रेषणात गाडीने वेग घेतल्यावर पंप व टरबाइन एकमेकांस घट्ट जोडणारा बंधक क्लच होता. घसरण पूर्ण नाहीशी करणारा हा उपाय खर्चिक असल्याने पुढे मागे पडला. इंधन स्वस्त असेपर्यंत त्याची निकड कोणाला भासली नाही. क्रायस्लरचे टॉर्कफ्लाइट (१९५६) व जनरल मोटर्सचे टर्बो हायड्रामॅटिक ४०० (१९६४) यांत परिवर्तक व तीन गती हा मेळ स्थिर झाला.

रेल्वेतही हाच प्रश्न होता. भारतीय रेल्वेतील अभियंते मनमोहन सुरी यांनी डीझेल एंजिनांसाठी द्रवीय व यांत्रिक मार्गांचा मेळ घालणारे प्रेषण तयार केले. ते सुरी प्रेषण म्हणून ओळखले जाते व पुण्याच्या किर्लोस्कर न्यूमॅटिक कंपनीने त्याचे उत्पादन केले.

इंधनटंचाई व बंधक क्लच : १९७३ च्या तेल संकटाने परिस्थिती पालटली. अमेरिकेच्या १९७५ च्या कायद्यानुसार प्रत्येक उत्पादकाच्या मोटारगाड्यांची सरासरी १९७८ मध्ये गॅलनला १८ मैल (लिटरला सु. ७·७ किमी.) व १९८५ मध्ये २७·५ मैल (सु. ११·७ किमी.) असणे आवश्यक ठरले. तेव्हा पॅकार्डचा जुना उपाय पुन्हा स्वीकारला गेला. क्रायस्लरने १९७८ मध्ये व जनरल मोटर्सने १९८० च्या सुमारास बंधक क्लच असलेले परिवर्तक आणले. जनरल मोटर्सच्या ७००-आर४ (१९८२) या चार गतींच्या प्रेषणात व त्यातून विकसित झालेल्या इलेक्ट्रॉनीय नियंत्रणाच्या ४एल६०-ई (१९९३) मध्येही तो होता. पुढे क्लच पूर्ण न आवळता अत्यल्प घसरण मुद्दाम राखून कंपने शोषून घेण्याची पद्धतही रूढ झाली.

परिवर्तक बदलण्याची प्रथा : एंजिन जास्त शक्तिशाली केल्यास ते बहुधा वरच्या वेगात अधिक परिपीडन देते व खालच्या वेगात दुबळे होते. मूळ परिवर्तक अशा एंजिनाला कमी वेगात जखडून ठेवतो. रोध वेग वाढविला तर एंजिन आपल्या उपयुक्त वेगात लवकर पोहोचते. अमेरिकेतील सरळ शर्यतींत भाग घेणाऱ्यांनी यासाठी लहान गाड्यांचे कमी व्यासाचे परिवर्तक मोठ्या एंजिनांना जोडण्याची युक्ती अवलंबिली. नंतर हे काम विशेष कारखान्यांकडे गेले व ते परिवर्तक रस्त्यावरील गाड्यांतही बसविले जाऊ लागले.

या युक्तीमागील नियम साधा आहे. पात्यांची घडण सारखी असल्यास परिवर्तकाने पेललेले परिपीडन व्यासाच्या पाचव्या घाताच्या व वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. व्यास १२ इंचांवरून (३०·५ सेंमी.) १० इंचांवर (२५·४ सेंमी.) आणला तर त्याच वेगात तो पूर्वीच्या केवळ सु. ४० टक्के परिपीडन पेलतो. म्हणून एंजिनाचे परिपीडन तेवढेच धरल्यास रोध वेग सु. १·५८ पट होतो. मिनिटाला १,८०० फेऱ्यांऐवजी तो सु. २,८४० फेरे भरतो. यावरून हेही स्पष्ट होते, की रोध वेग हा परिवर्तकाचा एकट्याचा गुण नाही. तोच परिवर्तक जास्त परिपीडनाच्या एंजिनाला जोडल्यास अधिक, तर दुबळ्या एंजिनाला जोडल्यास कमी रोध वेग दाखवितो. रोध वेग येईपर्यंत गाडी हलत नाही, ही समजूतही चुकीची आहे. हलक्या पायाने चालविल्यास गाडी त्याहून पुष्कळ कमी वेगात सुटते.

रोजच्या वापरातील तारतम्य : शर्यतीची गाडी काही सेकंद पूर्ण शक्तीने धावते व थांबते. रोजची गाडी गर्दीत रेंगाळते, चढ चढते व तासन्‌तास एका वेगाने धावते. महामार्गावर २० किलोवॉट शक्ती पोहोचविताना १० टक्के घसरण झाली, तर सु. २ किलोवॉट उष्णता सतत तेलात उतरते. ती खोली तापविणाऱ्या विजेच्या शेगडीइतकी असते. अति तापलेले तेल लवकर ऑक्सिडीभूत होते, त्याचे वंगणाचे गुण घटतात व क्लचच्या चकत्या झिजतात. म्हणून रोध वेग वाढविताना तेलासाठी स्वतंत्र शीतक बसविणे इष्ट असते. बंधक क्लच असलेल्या परिवर्तकात महामार्गावरील घसरण नाहीशी होते, त्यामुळे थोडा जास्त रोध वेगही खपून जातो. बंधक क्लच नसलेल्या जुन्या तीन गतींच्या प्रेषणात मात्र ही सवलत नसते. अवजड ओझे ओढणाऱ्या गाडीला तर जास्त रोध वेगापेक्षा मजबूत बंधक क्लच अधिक उपयोगी पडतो.

बसविण्यातील हयगयही महागात पडते. परिवर्तकाचा मागील भाग प्रेषणातील तेलपंपाच्या खाचांत पूर्ण बसलेला नसताना पेटी एंजिनाला आवळल्यास पंप फुटतो. इलेक्ट्रॉनीय नियंत्रणाच्या गाडीत गती बदलण्याचे व बंधक क्लच आवळण्याचे वेगही नव्या परिवर्तकास अनुरूप असे जुळवून घ्यावे लागतात.

अलीकडील स्थिती : दंतचक्रांच्या गती वाढल्या तसे परिवर्तकाचे काम आक्रसत गेले. २००९ मध्ये आलेल्या झेडएफ कंपनीच्या आठ गतींच्या प्रेषणासारख्या रचनांत पहिल्या गतीचे गुणोत्तर मोठे असते व बंधक क्लच गाडी सुटल्यानंतर लवकरच आवळला जातो. विजेच्या मोटारीला शून्य वेगापासूनच भरपूर परिपीडन मिळत असल्याने तिला परिवर्तकाची गरजच भासत नाही. परंतु ज्वलन एंजिन आहे तोपर्यंत उभ्या गाडीला चालत्या एंजिनाशी जोडण्याचा प्रश्न राहणार. त्या थोड्या क्षणांपुरती घसरण उपकारक व त्यानंतरची हानिकारक, हा सव्वाशे वर्षांच्या अनुभवाचा निष्कर्ष रोजच्या गाडीसाठी परिवर्तक निवडणाऱ्यालाही तितकाच लागू पडतो.