रानातल्या घरात दोन दिवस : उन्हाळी सहलीला निघण्यापूर्वी

एप्रिल-मे महिन्यांत शनिवार-रविवार जोडून मुळशी, ताम्हिणी, आंबोली, चिखलदरा किंवा ताडोबाच्या आसपासच्या एखाद्या रानातल्या कॉटेजवर जाण्याची पद्धत आता चांगलीच रुजली आहे. माझा तिला विरोध नाही. रात्री-अपरात्री मोबाईल बघणाऱ्या, झोप मोडलेल्या, सतत डोके दुखते म्हणणाऱ्या अनेक रुग्णांना मी स्वतःच सांगतो, दोन दिवस कुठेतरी झाडीत जाऊन या. मात्र रस्ता संपतो तिथे असलेले हे घर रुग्णालयापासूनही तितकेच लांब असते. बुकिंग करताना स्विमिंग टँक आहे का, हे सगळे विचारतात. जवळचे ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय किती मिनिटांवर आहे, तिथे सर्पदंशाची लस असते का, रात्री गाडी आणि चालक हाताशी असतो का, मोबाईलला रेंज कुठे मिळते, हे फारसे कोणी विचारत नाही. ते विचारा. १०८ ही रुग्णवाहिका मोफत आहे, पण घाटरस्त्याने यायला तिला वेळ लागतो. अनेकदा स्वतःच्या गाडीने निघून वाटेत रुग्णवाहिकेला गाठणे लवकर होते.

नेहमीची औषधे

सहलीला सुट्टी असते, गोळ्यांना नसते. रक्तदाब, मधुमेह, फिट, थायरॉईड यांच्या गोळ्या दोन दिवस जास्तीच्या घ्या आणि बॅगेत नव्हे, हातातल्या पर्समध्ये ठेवा. इन्सुलिन उन्हात उभ्या केलेल्या गाडीत अजिबात ठेवू नका; आतले तापमान इतके वाढते की औषध निकामी होते. बर्फाला चिकटवून ठेवले तर ते गोठते, आणि गोठलेले इन्सुलिन पुन्हा वापरता येत नाही. फ्रिज नसेल तर डब्यात घालून तो डबा ओल्या कापडात गुंडाळून सावलीत ठेवावा. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उन्हाळ्यात लांब जाण्याआधी आपल्या डॉक्टरांशी एकदा बोलून घ्यावे.

ऊन

मुंबईहून थेट चंद्रपूरच्या बाजूला गेलेल्या माणसाचे शरीर ४४-४५ अंशांना सरावलेले नसते. तो सराव व्हायला एक ते दोन आठवडे लागतात, आणि तुम्ही तर परवा परतणार. त्यामुळे ११ ते ४ सावलीत बसा. बिअरने तहान भागत नाही, उलट लघवीवाटे पाणी जाते. पाय वळणे, मळमळ, चक्कर असे काही जाणवले तर सावलीत पडून ओआरएस घ्या. पुडी नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला किंवा बेशुद्ध झाला तर तो उष्माघात समजावा. अशा वेळी तोंडात पाणी ओतू नका. कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता, वारा घाला आणि त्याच अवस्थेत गाडीत घ्या. क्रोसिन देऊन हा ताप उतरत नाही.

साप : सर्वात धोक्याची वेळ झोपेची

लोकांना भीती वाटते ती पायवाटेवरच्या सापाची. ती रास्त आहे. पालापाचोळ्यातली घोणस आणि फुरसे पाय पडल्यावरच चावतात. पण रानातल्या मुक्कामात मला जास्त काळजी वाटते ती मण्यारीची. ती रात्री हिंडते, उंदीर-पालींच्या मागे घरात शिरते आणि जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाला चावते. दंश जवळजवळ दुखत नाही, खूण दिसतेच असे नाही, सूजही येत नाही. माणूस पहाटे पोटदुखीने किंवा उलटीने उठतो आणि घरचे म्हणतात, रात्रीचे मटण बाधले. नंतर पापण्या जड होतात, डोळे उघडत नाहीत, गिळता येत नाही, आवाज बदलतो, आणि पुढची पायरी श्वास बंद पडण्याची. जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे अचानक पोटात दुखू लागले आणि पापण्या मिटू लागल्या, तर सापाची वाट न बघता रुग्णालय गाठा.

अंगणात चांदण्याखाली झोपण्याची हौस मी समजू शकतो. खाटेवर झोपा, मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा गादीखाली नीट खोचा. ही साधी गोष्ट मण्यारीपासून खरोखर वाचवते.

साप चावलाच तर अंगठी, बांगडी, पैंजण काढा. हात किंवा पाय फळीला सैलसर बांधून हलू देऊ नका, रुग्णाला चालवू नका, वेळ लक्षात ठेवा. चिरा देणे, चोखणे, बर्फ लावणे, दोरीने आवळणे यांतले काहीही नको. कोणी आधीच आवळून बांधले असेल तर ते वाटेत सोडू नका, डॉक्टरांसमोर सोडावे. साप मारून आणण्याचीही गरज नाही. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालते.

विंचू

कोकणात लाल विंचवाचा दंश विशेष जपावा लागतो. दंशाच्या जागी नुसती प्रचंड आग होत असेल तर धोका बहुधा कमी असतो. दरदरून घाम, उलट्या, हातपाय थंड पडणे ही लक्षणे मात्र हृदयावर परिणाम होत असल्याची असतात, मग वेदना कमी असली तरी. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी या दंशावर प्राझोसिन या गोळीचा उपयोग दाखवून दिला आणि मृत्यूंचे प्रमाण खूप खाली आले. ही गोळी रक्तदाब उतरवते, म्हणून घरच्या घरी घेऊ नये. लहान मुलाला विंचू चावला तर लक्षणांची वाट न पाहता न्यावे. बूट झटकल्याशिवाय घालू नका, आणि ओला टॉवेल जमिनीवर टाकून ठेवू नका.

मोहोळ आणि गोचीड

आग्या मोहोळाखाली शेकोटी पेटवू नका, तीव्र अत्तर लावून जाऊ नका. माश्या उठल्याच तर चेहरा झाकून पळा आणि गाडीत किंवा खोलीत शिरा. पाण्यात उडी मारून उपयोग नाही, त्या वर थांबतात. अंगावर गांध्या, ओठ सुजणे, दम लागणे, घेरी येणे यांपैकी काही झाले तर एका डंखालाही तातडीचे उपचार लागतात.

सिंधुदुर्गात दोडामार्गच्या बाजूला माकडताप आढळतो आणि त्याचा हंगाम नेमका उन्हाळ्यापर्यंत असतो. तो गोचिडीच्या चाव्यातून होतो. मेलेले माकड दिसले तर जवळ जाऊ नका, आरोग्य केंद्राला कळवा. पायवाटेवर पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, परतल्यावर काख, जांघा आणि मुलांच्या कानांमागे बघून घ्या. चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. परतल्यानंतर दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना आधी हेच सांगा की तुम्ही रानात राहून आला आहात, आणि कुठल्या गावाजवळ.