डँडी डिनमाँट

‘टेरियर’ इंग्रजीत आला फ्रेंचमधून. मुळाशी लॅटिन ‘टेरा’, म्हणजे जमीन. बिळात शिरून कोल्ह्याला हुसकणारा कुत्रा तो टेरियर. इथवर सरळ आहे.

डँडी डिनमाँट टेरियरचं नाव मात्र एका माणसाचं, तेही कागदावरच्या. वॉल्टर स्कॉटच्या ‘गाय मॅनरिंग’ (१८१५) या कादंबरीत डँडी डिनमाँट नावाचा स्कॉटिश सीमाभागातला शेतकरी आहे. त्याचे टेरियर सगळे ‘पेपर’ नाहीतर ‘मस्टर्ड’. (पेपर म्हणजे वर्तमानपत्र नव्हे, मिरी!) दुसरी मोहरी. बारशाची कटकटच नाही. हिंडलीच्या जेम्स डेव्हिडसन या खऱ्या शेतकऱ्याकडेही तशीच कुत्री, तशीच नावं. मग लोक त्यालाच डँडी म्हणू लागले आणि त्याच्या कुत्र्यांना डँडीची कुत्री. आजही या जातीचे मान्य रंग दोनच, मिरी आणि मोहरी.

पाठ लांब, पाय आखूड, डोक्यावर रेशमी झुपका. मणक्याला जपायचं, म्हणून वजन आटोक्यात आणि उंचावरच्या उड्या बंद. स्वभाव टेरियरच्या मानाने शांत, पण हट्टी. भुंकणं मात्र देहाला न शोभणारं, खर्जातलं. ब्रिटनच्या केनेल क्लबने ही जात आता संकटातल्या देशी जातींच्या यादीत घातली आहे.