खोलीव्यवहार

जातीचा विषय निघाला की आपली पोरं दोन शब्द हटकून वापरतात. एक रोटीव्यवहार, दुसरा बेटीव्यवहार. तिसराही एक व्यवहार आहे, पण त्याला अजून नाव नाही. एका छपराखाली, एका भाड्यात, अंथरुणाला अंथरूण लावून कुणी कुणाबरोबर राहायचं, तो हा व्यवहार. आपण त्याला खोलीव्यवहार म्हणू.

हॉटेलात चहा पिणं एका मिनिटाचं काम. कप खाली ठेवला की संबंध संपला. खोलीचं तसं नसतं. खोलीत एकच माठ, एकच स्टो, एकच मोरी. रात्री शेजारचा घोरतो ते ऐकावं लागतं आणि सकाळी त्याच्याच बादलीत पाणी भरावं लागतं. म्हणून ज्या शहराने आपल्याला ट्रामगाडीत बसू दिलं, गिरणीत राबू दिलं, त्याच शहराने खोलीच्या दाराशी आडनाव विचारलं. हा इतिहास कुणी एका जागी लिहीत नाही. तुकड्यातुकड्याने सापडतो. ते तुकडे इथे जोडतो आहे.

सुरुवात गिरणगावापासून करू. कोकणातून, घाटावरून माणूस मुंबईला आला की तो घर शोधत नव्हता. तो गाववाला शोधत होता. एका गावची माणसं मिळून एक खोली भाड्याने घेत. खोली एकाच्या नावावर, भाडं सगळ्यांत वाटलेलं. दहा बाय बाराच्या त्या खोलीत माणसं झोपत ती पाळीप्रमाणे. दिवसपाळीवाला बाहेर पडला की रातपाळीवाला त्याच जागेवर वळकटी सोडणार. प्रत्येकाची मालकी एका ट्रंकेपुरती आणि दोरीवरच्या दोन कपड्यांपुरती. जेवण खानावळवाल्या बाईकडे. कामगार कार्यालयाने १९२१-२२ च्या सुमारास मुंबईच्या कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. शंभरातली ९७ कुटुंबं एकाच खोलीत राहत होती. त्याच एका खोलीत आणखी पोटभाडेकरूही असत.

या खोल्यांचं कौतुक पुष्कळ झालं आहे. माणुसकी होती, एकमेकांना धरून होते, नव्या पोराला नोकरी लागेपर्यंत फुकट जेवू घालत. खरं आहे. पण ती खोली गावाची होती, आणि गाव म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको. मराठ्यांची खोली मराठ्यांची, भंडाऱ्यांची भंडाऱ्यांची, महारांची महारांची. गाव बोटीत बसून मुंबईला आलं तेव्हा गावकुसासकट आलं. महारवाडा आधी गावाबाहेर होता, आता तो चाळीच्या दुसऱ्या टोकाला गेला, एवढाच फरक.

यात पैशाचीही गोष्ट आहे. गिरणीत चांगला पगार साचेखात्यात, कापड विणण्याच्या कामाला. तिथे अस्पृश्याला घेत नसत. कारण काय, तर धोट्यातली कांडी बदलली की धागा तोंडाने ओढावा लागे, आणि महाराच्या तोंडाचा धोटा मराठा तोंडाला कसा लावणार! म्हणून आपला माणूस रिंगखात्यात, कमी पगारावर. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे धरला. खोलीचा आणि धोट्याचा संबंध असा आहे. धोटा नाही म्हणून पगार नाही, पगार नाही म्हणून खोलीचं भाडं परवडत नाही, म्हणून एका खोलीत माणसं जास्त. आणि मग तेच लोक नाक मुरडणार, बघा कसे दाटीवाटीने राहतात!

सरकारने चाळी बांधल्या त्याही दयेपोटी नाही. १८९६ साली प्लेग आला. माणसं मेली, पळाली, गिरण्या ओस पडायला लागल्या. तेव्हा १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. १९२० नंतर डेव्हलपमेंट खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे मिळून २०७ बीडीडी चाळी उभ्या केल्या. एकेका चाळीत ८० खोल्या, एकेक खोली १६० चौरस फुटांची, नळ आणि संडास सामाईक. मालक सरकार, त्यामुळे आपल्या माणसाला तिथे शिरकाव मिळाला. पण सरकारी भिंतीही जात शिकल्या. अमुक नंबरच्या चाळी बौद्धांच्या, तमुक नंबरच्या मराठ्यांच्या, हे वरळीतलं शाळकरी पोरही सांगू शकत होतं.

आता बाबासाहेबांच्या खोल्या पाहू. त्यांची पुस्तकं आपण वाचतो. ती कुठल्या खोल्यांत बसून लिहिली, हेही वाचायला पाहिजे. सुभेदार रामजी पोरांना घेऊन परळच्या डबक चाळीत आले. एकच खोली. चरित्रकार लिहितात की उशाला जातं, पायथ्याशी बकरी, आणि दोघांना नीट पाय पसरायला जागा नाही. म्हणून बाप रात्री दोनपर्यंत जागा राहायचा, मग पोराला अभ्यासाला उठवून त्या जागी स्वतः आडवा व्हायचा. पाळीने झोपणं ही फक्त गिरणी कामगाराची कहाणी नव्हती. पुढे पोयबावाडीच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट चाळीतल्या ५० आणि ५१ नंबरच्या दोन खोल्या. १९१२ ते १९३४, म्हणजे मूकनायक, महाडचा सत्याग्रह, गोलमेज परिषदा हा सगळा काळ पत्ता तोच.

मधल्या काळात १९१३ साली ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. काही दिवस इकडे तिकडे काढून लिव्हिंगस्टन हॉल या वसतिगृहात राहिले. तिथे त्यांचा खोलीतला जोडीदार होता नवल भथेना, जातीने पारशी. एक पारशी आणि एक महार, एका खोलीत, आणि आभाळ कोसळलं नाही. उलट जन्माची दोस्ती झाली. पुढे लंडनच्या शिक्षणासाठी पैसे कमी पडले तेव्हा मदतीला आला तो हाच भथेना.

आता याला लागून दुसरं चित्र ठेवा. सप्टेंबर १९१७. तेच बाबासाहेब शिकून परत आलेले, बडोदा संस्थानच्या नोकरीवर हजर व्हायला निघालेले. हिंदू हॉटेल घेणार नाही हे ठाऊक. म्हणून एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून रोज दीड रुपयावर राहिले. वर एकटेच, खोलीला लागून अडगळीने भरलेला मोठा हॉल, रात्री वटवाघळं. अकराव्या दिवशी सकाळी डझनभर पारशी लाठ्या घेऊन जिन्यावर आले. संध्याकाळच्या आत चालता हो! हिंदू मित्राला विचारलं, तर म्हणाला माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्राकडे गेले, तर त्याने बायकोच्या सोवळ्याचं कारण पुढे केलं. मग कामाठी बागेत झाडाखाली बसून रात्रीच्या गाडीची वाट पाहिली आणि मुंबईला परत. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे.

मित्रांनो, ही दोन चित्रं नुसती वाचू नका, एकमेकांशेजारी ठेवून विचार करा. दोन्हीकडे पारशी. दोन्हीकडे तोच महार. माणसं बदलली नाहीत, गाव बदललं. न्यूयॉर्कच्या त्या खोलीत भथेनाला विचारणारं कुणी नव्हतं, की बाबा, तू कुणाबरोबर झोपतोस? बडोद्यात विचारणारे बारा जण लाठ्या घेऊन आले. म्हणजे विटाळ माणसाच्या पोटात जन्मतः नसतो. त्याच्यावर शेजार पहारा करतो. मित्राला नोकरांची भीती, नोकरांना जातीची भीती, मालकाला गिऱ्हाईक तुटण्याची भीती. खोली नाकारणारा दरवेळी दुसऱ्याकडेच बोट दाखवतो.

म्हणून अमेरिका स्वर्ग होती असं समजू नका. त्याच कोलंबिया विद्यापीठात १९२४ साली फ्रेडरिक वेल्स नावाचा काळा विद्यार्थी फर्नाल्ड हॉलमध्ये राहायला आला, तर गोऱ्या पोरांनी त्याला बाहेर काढायची मागणी केली आणि वसतिगृहासमोर क्रूस पेटवला. तो मात्र खोली सोडून गेला नाही. पँथर हे नाव आपल्या लोकांनी १९७२ मध्ये काळ्यांच्या चळवळीवरून घेतलं. त्यांचं आणि आपलं हे नातं असं वसतिगृहाच्या दारापर्यंत पोचतं.

बडोद्याच्या धर्मशाळेतून बाबासाहेब काय शिकले, त्याचं उत्तर त्यांच्या कामात मिळतं. १९२४ च्या जुलैमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा निघाली आणि सहा महिन्यांच्या आत, जानेवारी १९२५ मध्ये, सभेने सोलापूरला विद्यार्थी वसतिगृह उघडलं. महाडच्या आधी, काळारामाच्या आधी. ही गोष्ट आपण मिरवणुकीत सांगत नाही, कारण वसतिगृहात घोषणा नसतात, डाळ-भात असतो. पण शाळेचं दार उघडून भागत नाही. शाळा सुटल्यावर पोराने पाठ कुठे टेकायची? त्याआधी कोल्हापुरात शाहू महाराजांनी हे ओळखलं होतं. एकत्र वसतिगृहात वरच्या जातींचीच पोरं राहतात हे बघून त्यांनी जातवार वसतिगृहं काढली. १९०८ चं मिस क्लार्क वसतिगृह अस्पृश्य पोरांसाठी होतं. एका माणसाने अख्ख्या संस्थानात हुकूम चालवला, तरी त्यालासुद्धा पोरांच्या खोल्या जातवार ठेवाव्या लागल्या. खोलीव्यवहार किती कठीण आहे ते यावरून मोजा.

पुढे औरंगाबादचं मिलिंद आणि मुंबईची सिद्धार्थ वसतिगृहं यांतून एक नवी गोष्ट घडली. इथली पोरं एका गावची नव्हती. विदर्भातला, मराठवाड्यातला, कोकणातला असे एका खोलीत आले. गावकीची खोली गाव टिकवायची, या खोल्यांनी गाव पुसलं. एकाचं पुस्तक चौघांनी वाचलं, एकाच्या कवितेवर चौघं भांडले. वडाळ्याचं सिद्धार्थ विहार हा पँथरच्या पोरांचा अड्डा होता, ही गोष्ट काही योगायोगाची नाही. चळवळ सभागृहात जाहीर होते. तयार होते ती खोलीत, रात्री दिवा मालवल्यावर.

आणि त्याच वेळी बाहेर काय चाललं होतं? जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींत दंगल पेटली. एकसारख्या खोल्या, एकसारखं दारिद्र्य, नळावर एकच रांग, आणि गच्चीवरून एकमेकांवर दगड. १० जानेवारीला परळच्या मोर्चावर दगडफेक झाली आणि भागवत जाधव शहीद झाला. शेजारी राहिल्याने जात जाते असं सांगणाऱ्या विद्वानांनी वरळीत यायला पाहिजे होतं. शेजारी राहून जात गेली नाही, कारण दारं अलग होती. इमारत एक म्हणजे खोली एक नव्हे.

कायदा आहे. १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा, १९७६ पासून नाव नागरी हक्क संरक्षण कायदा. अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणाला वस्तीत घर घेण्यापासून, राहण्यापासून अडवणं हा त्यात गुन्हा आहे. पण घरमालक कारण सांगतच नाही. तो म्हणतो, "कालच दिली हो खोली." कधी म्हणतो, "आमच्याकडे शाकाहारीच लागतात." कायद्याला कारण लागतं आणि मालकाला कारण लपवता येतं. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीचा, सभासद फक्त पारशीच असावेत, हा नियम वैध ठरवला. बडोद्यानंतर ८८ वर्षं झाली होती. लाठ्या गेल्या, पोटनियम आले. २०१५ मध्ये सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातली पाहणी प्रसिद्ध केली. तीच घरं, तीच चौकशी, फक्त नावं वेगळी. नाव दलिताचं किंवा मुसलमानाचं असलं की नकार जास्त.

२०१६-१७ पासून महाराष्ट्र सरकारने स्वाधार योजना आणली. वसतिगृहात जागा न मिळालेल्या आपल्या पोरांना बाहेर खोली घेऊन राहायला पैसे. योजना चांगली, हक्काची आहे, हप्ता थकला तर भांडून घ्या. पण एक ध्यानात ठेवा. बाबासाहेबांच्या खिशात बडोद्याला दीड रुपया होता. खोली पैशाअभावी गेली नव्हती. भाड्याचे पैसे देऊन सरकारने वसतिगृहं बांधायची जबाबदारी झटकली, तर पोरगं पुन्हा त्याच जिन्यावर उभं राहणार, आडनावाच्या प्रश्नासमोर.

म्हणून दोन कामं. एक, वसतिगृहाची मागणी कधीही सोडू नका. पैसे घ्या आणि वसतिगृहही मागा. दोन, शहरात ज्याच्या नावावर खोली आहे त्याने तिच्यात एक वळकटीची जागा राखून ठेवावी, आणि ती फक्त जातभाईसाठी नको. मांगाचं पोर, भटक्याचं पोर, मुसलमानाचं पोर, ज्याला ज्याला दारातून परत पाठवलं त्याच्यासाठी. बौद्धांची खोली फक्त बौद्धांची राहिली तर आपणही गावकीचीच खोली चालवली असं होईल. नवल भथेनाच्या खोलीची किंमत आपल्याला कळते. मग आपल्या खोलीत दुसरी खाट कुणाची, हे आपणच ठरवायचं आहे.